बंधारा कोणी फोडला?

हिरण्यपूरचा बंधारा फुटला आणि अख्खी परीटआळी वाहून गेली. माणसं देवळाच्या टेकाडावर चढली म्हणून वाचली. पण घरं, भट्ट्या, गाढवं आणि साऱ्या गावाचे धुवायला आलेले कपडे नदीने नेले. पाणी ओसरल्यावर चौकात दवंडी झाली.

"ऐका हो ऐका! बंधारा फुटला आहे. त्याबद्दल दुःख व्यक्त करण्यात येत आहे. योग्य ती चौकशी करण्यात येईल. तोवर झालेले नुकसान सोसण्यात यावे हो..."

चिखलाने माखलेली येसू परटीण गर्दीतून पुढे आली. "दादा, दुःख कोणी व्यक्त केलं?"

दवंडीवाला गोंधळला. "तसं काही सांगितलेलं नाही."

"चौकशी कोण करणार?"

"तेही नाही सांगितलं."

"मग सोसायचं कोणी, तेवढं बरं न सांगताच कळलं."

लोक हसले. ते हसू संध्याकाळच्या आत राजवाड्यापर्यंत पोचलं.

राजा जयमल्ल तसा दुष्ट नव्हता, पण कोणी उलट प्रश्न विचारला की त्याची कानशिलं तापत. त्याने येसूला बोलावून घेतलं.

"प्रश्न विचारायची फार हौस आहे ना तुला? मग उत्तरही तूच शोध. बंधारा ज्याच्यामुळे फुटला, त्याला उद्या दरबारात हजर कर."

"करते, महाराज."

ती इतक्या पटकन हो म्हणाली की दिवाण त्र्यंबकपंत दचकले. त्यांनी राजाच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं. राजाने मान डोलावली.

"पण एक अट आहे. अपराधी म्हणून दरबारातल्या कोणाचं नाव घ्यायचं नाही, कोणाकडे बोट दाखवायचं नाही. जमलं नाही तर परीटआळीने बंधारा बांधून द्यायचा आणि तू राज्य सोडायचं."

येसू टेकाडावर परतली तेव्हा नवरा गेनू डोक्याला हात लावून बसला होता. "बंधाऱ्याचे दगड उपसले आणि त्यांचा राजवाड्यात मंडप झाला, हे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे. पण नावच घ्यायचं नाही म्हटल्यावर काय करणार तू?"

येसू त्याच्याशेजारी टेकली. आपल्या एका प्रश्नापायी साऱ्या आळीच्या डोक्यावर दगड वाहायची पाळी येणार होती. ती उठली आणि गवंड्यांच्या मुकादमाकडे गेली.

"दगड कोणी काढले?"

"काढण्यात आले," मुकादम पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला.

तिथून ती दिवाणांच्या कारकुनाकडे गेली. "दगड काढायचं कोणी ठरवलं?"

"तसं ठरलं."

"ठरवलं कोणी?"

"ठरलं ना, बाई. आता जा."

येसू निघाली. राजवाड्याच्या कुंपणाबाहेर ती थबकली. आत नव्या मंडपात राजा पाहुण्यांना खांब दाखवत होता, हात पसरून पसरून काही सांगत होता. येसू बराच वेळ बघत राहिली. मग ती भराभर पावलं टाकत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. राजाने विचारलं, "कुठे आहे तुझा अपराधी?"

"सांगते, महाराज. त्याआधी एक विचारू? आमच्या आळीत पैज लागली आहे. नवा मंडप दृष्ट लागावी असा झालाय. कोणी म्हणतं, तो दिवाणजींच्या डोक्यातून निघाला. कोणी म्हणतं, परदेशच्या कारागिराने सुचवला."

"दिवाणजींच्या?" राजा सिंहासनावर सरसावून बसला. "दिवाणजींना मंडपातलं काय कळतं? जागा मी निवडली. खांबांची नक्षी मी सांगितली."

"तरीच! पण ते काळेभोर दगड? आरशासारखे चकाकतात. ते तरी कारागिराने आणले असतील."

"कारागीर पांढरा दगड म्हणत होता! काळाच हवा, हे मी ठरवलं. बंधाऱ्याचा दगड शंभर नंबरी आहे, उद्याच उपसून आणा, असं मुकादमाला मी स्वतः..."

राजा थांबला. त्र्यंबकपंत छताकडे बघू लागले.

येसूने हात जोडले. "महाराज, मी कोणाचं नाव घेतलं नाही. बोटही कोणाकडे दाखवलं नाही."

राजाचा चेहरा लाल झाला. मग मिशी थरथरू लागली आणि अखेर तो पोट धरून हसत सुटला. हसणं ओसरल्यावर त्याने विचारलं, "पण मी आपणहून बोलेन, हे तुला कसं ठाऊक?"

"महाराज, या राज्यात वाईट ते आपोआप होतं. चांगलं तेवढं कोणीतरी केलेलं असतं. म्हणून मी चांगल्याचं विचारलं."

राजाने मंडप उतरवून दगड बंधाऱ्याला परत द्यायचा हुकूम सोडला. परीटआळीची घरं, भट्ट्या आणि गाढवं राजाच्या खर्चाने भरून द्यायची ठरली. येसूला टेकाडाजवळची जमीन इनाम मिळाली, आणि यापुढे प्रत्येक दवंडी आधी तिला ऐकवून मगच पिटायची, असा हक्कही मिळाला. पहिली दवंडी राजाने स्वतःच्या तोंडाने सांगितली. येसूने ती ऐकली आणि मान डोलावली.

संध्याकाळी चौकात डफ वाजला. आपल्या दवंडीचं काय होतं ते बघायला राजा घोड्यावरून गर्दीच्या मागे येऊन उभा राहिला.

"ऐका हो ऐका! बंधाऱ्याचे दगड मी काढले. चूक माझी आहे. परीटआळी मी बांधून देईन हो..."

अशी दवंडी लोकांनी जन्मात ऐकली नव्हती. एका म्हाताऱ्या परटाने दवंडीवाल्याची बंडी धरली. "तू काढलेस होय रे मेल्या?"

"मी नाही हो, मी नाही!" दवंडीवाला डफ डोक्यावर घेऊन ओरडला.

मागून राजाचं गडगडाटी हसू ऐकू आलं. "सोडा त्या बिचाऱ्याला, आजोबा. तो 'मी' इकडे घोड्यावर बसलाय."