भिवरेची शिळा

घाटाच्या मधल्या वळणावर ही सपाट काळी शिळा आहे ना मंडळी, तिच्यावर बसू नका. हिला भिवरेची शिळा म्हणतात.

पूर्वी कोकणातलं मीठ याच वाटेनं माणसांच्या डोक्यावरून वर यायचं. ओझ्यानं कंबर धरायची, काही जण कायमचे वाकायचे. मोडलेले हातपाय बांधणारे होते, पण पाठीच्या कण्याला हात लावायला वैदूही घाबरायचे. भिवरा धनगरीण. तिचा नवरा असाच अंथरुणाला खिळला. त्याची पाठ चोळता चोळता एकेक मणका तिच्या बोटांना ओळखू यायला लागला, असं सांगतात. नवरा वाचला नाही. पण पुढे घाटात कोणाची पाठ धरली की ती त्याला या शिळेवर पालथं निजवायची, श्वास सोडायला सांगायची आणि तळहातानं मणका जागेवर बसवायची. वाकून आलेला माणूस म्हणे ताठ होऊन घरी जायचा.

एकदा पाटलांचा मुलगा रायाजी हिरड्याच्या झाडावरून पडला. भिवरा धावत आली. त्याची मान दोन्ही हातांत धरून म्हणाली, "ह्याला उचलू नका. आधी फळी आणा." पाटलांना धीर निघेना. त्यांनी तिला बाजूला लोटलं, मुलाला खांद्यावर टाकलं. घरी पोचेपर्यंत पोर गेलं होतं.

हिनंच मान मोडली, असं पाटील म्हणाले. तिचे दोन्ही हात याच शिळेवर ठेवून ठेचले. ज्यांच्या पाठी तिनं सरळ केल्या होत्या, तेही म्हणे गप्प उभे होते.

पुढे भिवराच कमरेत वाकली. तिची पाठ बसवणारं कोणी नव्हतं. तेव्हा रायाजीची आई सगुणा तिच्या खोपटात गेली.

"माझं पोर कसं धरायचं होतं, ते मला शिकव," ती म्हणाली.

भिवरा पालथी झाली. "माझ्याच पाठीवर हात ठेवा, पाटलीणबाई."

हातांत काही उरलं नव्हतं. जे ठाऊक होतं ते तोंडानं सांगत गेली. ती स्वतः मात्र पुन्हा ताठ झाली नाही. गेली तेव्हा तिरडीवर सरळ निजवता येईना, म्हणून सगुणेनं तिला कुशीवर निजवलं.

सगुणेनं ती विद्या सुनांना दिली, सुनांनी गावातल्या बायांना. आजही आमच्याकडे कोणी पडलं, तर त्याला लगेच उचलत नाहीत. आधी एखादी जाणती बाई येते, मातीत बसते, मान धरते. ती सांगेपर्यंत सख्खा बापसुद्धा मागं उभा राहतो.