उरलेला घोट

"आणि सगुणाबाई? ती किती रविवार झाले आली नाही?" हिवाळेबाबांनी विचारलं.

नथनेल गडबडला. तो विचारायला आला होता भलतंच.

उद्या सकाळी दहा वाजता बिशपसाहेब त्याला पाळकपदाची दीक्षा देणार होते. त्या वेळी एका वडीलधाऱ्या पाळकानं सगळ्या मंडळीपुढं उभं राहून सांगायचं, की हा माणूस या सेवेला योग्य आहे. सांगणार कोण? शांतवन हिवाळेबाबा. त्यांच्याच हाताखाली नथनेलनं दोन वर्षं काढली होती. पण बाबांनी अजून तोंडानं हो म्हटलं नव्हतं. तीन दिवस त्याचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी न राहवून तो दुपारचाच त्यांच्या अंगणात येऊन बसला.

बाबा खाटेवर बसून लसूण सोलत होते.

"तीन असतील... की चार," नथनेल म्हणाला. "आजारी असेल."

"आजारी नाही."

"मग मुलीकडं गेली असेल."

"तिला मुलगी नाही."

दोन वर्षांत ही गोष्ट नथनेलच्या कानावर आली नव्हती. आली असेल, तर कानात शिरली नव्हती.

"बाबा, उद्याचं जरा..."

"उद्याचं उद्या. सगुणाबाई आधी प्रभुभोजनाला सगळ्यांच्या पुढं असायची. मागं कधीपासून गेली?"

"तिला गुडघे टेकायला वेळ लागतो ना. म्हणून मीच म्हटलं, आजी, तुम्ही सावकाश, सगळ्यांच्या शेवटी या."

"दयाळू आहेस."

खरं कारण नथनेलला एकट्याला माहीत होतं. निदान त्याची तशी समजूत होती. सगुणाबाई पन्नास वर्षं मिश्री लावत होती. हिरड्या काळ्या, ओठांच्या कडा काळ्या. प्रभुभोजनात ख्रिस्ताचं रक्त म्हणून घोटभर रस प्यायचा, पेला एकच. तो हातात धरून नथनेल एकेकाच्या ओठाला लावत जायचा. सगुणाबाईनं घोट घेतला की पेल्याच्या कडेला तपकिरी डाग राहायचा. पांढऱ्या फडक्यानं कितीही पुसा, वास जात नसे. तिच्यानंतर दुसऱ्यांनी कसं प्यायचं? म्हणून त्यानं तिला शेवटी पाठवलं. वर गोड बोलून पाठवलं.

हुशार माणसाची फजिती त्याच्या हुशारीनंच होते. पेल्यात शेवटी जे उरेल ते पेला धरणाऱ्यानं पिऊन टाकायचं, टाकून द्यायचं नाही, ही त्या देवळाची जुनी रीत. गेल्या महिन्यात पेल्यात घोटभर उरलं. कडेला तपकिरी डाग. नथनेलच्या घशाशी आलं. तो मागच्या खोलीत गेला, खिडकी उघडली आणि तो घोट बाहेर मातीत ओतून दिला.

मांजर डोळे मिटून दूध पितं, तसंच हे. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांना लांबचं दिसणं शक्य नव्हतं.

"बुधवारी आली होती माझ्याकडं," बाबा म्हणाले.

"कोण?" नथनेलनं विचारलं.

"सगुणाबाई. त्या दिवशी देवळामागं काठी घ्यायला गेली होती म्हणे."

आता हे बिशपसाहेबांपर्यंत जाणार. मंडळीत बोभाटा होणार. नथनेलला दुसरं काही सुचेना.

"तक्रार घेऊन आली होती?"

बाबांनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली.

"तक्रार? रडत होती रे. म्हणाली, 'बाबा, माझ्यापायी परभूचं रगत मातीत गेलं. सायबांनी वतलं, पर पाप माझं. मला काय शिक्षा हाय ती सांगा.'"

बाबा पुढची पाकळी सोलायला लागले.

"मिश्री सोडलीय तिनं. महिना झाला. रोज राखेनं दात घासते. तोंड हे एवढं सुजलंय, भाकरी चावत नाही. मला हिरड्या दाखवल्या. विचारत होती, 'आता प्याला न्हाई ना बाटायचा?'"

नथनेलनं जमिनीवरची लसणाची सालं गोळा करायला घेतली.

"मी तिला म्हटलं, विचारून सांगतो," बाबा म्हणाले. "तू धर्मशिक्षणात पहिला आलास. तू सांग. तिला काय शिक्षा देऊ?"

"बाबा..."

"सांग ना."

"तो नुसता मनुकांचा रस होता, बाबा!" नथनेल एकदम ओरडला. "आदल्या दिवशी मीच मनुका उकळल्या होत्या, मीच गाळला होता!"

बोलून गेला, आणि पेला पुढं करताना दर वेळी आपण काय म्हणतो, ते त्याला आठवलं: 'हे ख्रिस्ताचं रक्त.'

"असेल," बाबा शांतपणे म्हणाले. "मग चोरून कशाला ओतलास? सगळ्यांदेखत ओतायचास."

बाबांनी ताटली बाजूला ठेवली.

"तुझा पणजोबा पहिल्यांदा या देवळात आला, ती हकीकत माझे वडील सांगायचे. गावात त्याला पाणी हवं असलं की खाली बसून ओंजळ धरायची. वरून कुणीतरी ओतायचं, भांड्याला हात लागू न देता. इथं पहिल्यांदा त्याच्या ओठाला पेला लागला. त्याच्या आधी गोरे मिशनरी साहेब प्यायले होते. त्याच्यानंतर साहेबांची मडम प्यायली. तो म्हणे तिथंच बसून राहिला. उठेचना."

नथनेलनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेच्याही वर भीती. दोन वर्षांचे उपास, पाठ केलेली वचनं, पहाटेच्या प्रार्थना, सगळं त्या खिडकीतून मातीत गेलं होतं. आणि ते एका मिश्रीवाल्या म्हातारीनं पाहिलं होतं.

"मी जातो," तो उठत म्हणाला. "आत्ताच जातो. तिच्या पाया पडतो. सांगतो, पाप माझं होतं."

"जा."

तो फाटकापर्यंत गेला. हात कडीवर होता, पण कडी काढवेना. पुन्हा मागं वळला.

"बाबा... तिनं मला क्षमा केली, तर उद्या तुम्ही माझ्यासाठी उभे राहाल?"

बाबांनी डोळे बारीक करून आवाजाच्या दिशेनं पाहिलं.

"क्षमा तर तिनं तुला त्याच दिवशी केली, देवळामागं उभ्या उभ्या. तिनं तुला पाहिलं, त्याची तू तिला क्षमा केलीस, की मी उभा राहीन."