टिंगूचं गाणं आणि घूंऽऽ करणारी पेटी

एक होता नाकतोडा. हिरवा हिरवा, एवढास्सा. त्याचं नाव टिंगू.

टिंगू रोज खिडकीत बसून गायचा. चिर्रिक चिर्रिक.

एक दिवस मिशाळ दिगूकाकांनी जुनी पेटी आणली. गिटारचा आवाज मोठ्ठा करणारी पेटी. काकांनी बटण दाबलं, खट्ट. पेटीतले काचेचे दिवे लाल झाले. आणि पेटी म्हणाली, घूंऽऽऽ.

गिटार नाही, गाणं नाही. नुसतं घूंऽऽऽ.

टिंगू गायला, चिर्रिक चिर्रिक. कुणाला ऐकूच येईना. झालं, टिंगूचं गाणं हरवलं. टिंगूला रडूच आलं.

टप्पक टप्पक, टिंगू गेला पेटीकडे.

"पेटी पेटी, घूं सोड. माझं गाणं ऐकू येईना."

"मी नाही सोडत. माझ्या पोटात दोन तारा आहेत, दिव्यांना ऊब देणाऱ्या. त्याच थरथरतात. जा, त्यांना सांग."

टप्पक टप्पक, टिंगू गेला तारांकडे.

"तारांनो तारांनो, गप्प व्हा. पेटी घूं सोडेना, माझं गाणं ऐकू येईना."

"आम्ही नाही गप्प होत. आम्ही अशा सुट्या सुट्या. आधी आमची घट्ट वेणी घाला. जा पकडीकडे."

टप्पक टप्पक, टिंगू गेला पकडीकडे.

"पक्कडताई पक्कडताई, वेणी घाल. तारा गप्प होईनात, पेटी घूं सोडेना, माझं गाणं ऐकू येईना."

"मी नाही घालत. मी काय आपली आपण चालते? आधी मला उचला. जा कुंदामावशीकडे."

कुंदामावशी रेडिओ दुरुस्त करायची. टप्पक टप्पक, टिंगू गेला मावशीकडे.

"मावशी मावशी, पक्कड उचल. पक्कड वेणी घालेना, तारा गप्प होईनात, पेटी घूं सोडेना, माझं गाणं ऐकू येईना."

"मी नाही उचलत. पोटात कावळे ओरडतायत. आधी भजी. जा दिगूकाकांकडे."

टप्पक टप्पक, टिंगू गेला स्वयंपाकघरात.

"काका काका, भजी तळा. मावशी पक्कड उचलेना, पक्कड वेणी घालेना, तारा गप्प होईनात, पेटी घूं सोडेना, माझं गाणं ऐकू येईना."

"मी नाही तळत. एकट्याला कंटाळा येतो बाबा. आधी कुणीतरी गाणं म्हणा."

गाणं? टिंगूनं उडी मारली, टप्पक. थेट काकांच्या कानावर.

चिर्रिक चिर्रिक, चिर्रिक चिर्रिक.

काकांना ऐकू आलं. काका खूश झाले.

काकांनी भजी तळली, चुर्रर्र.
मावशीनं भजी खाल्ली, कुरुम कुरुम.
मावशीनं बटण बंद केलं, खट्ट. प्लग काढला. दिवे गार होऊ दिले. मग उचलली पक्कड.
पकडीनं वेणी घातली, पिळ पिळ पिळ.
तारा झाल्या गप्प.

मावशीनं प्लग लावला. बटण दाबलं, खट्ट. दिवे लाल झाले.

आणि पेटी? पेटीनं घूं सोडलं.

टिंगू पेटीवर बसला आणि पोटभर गायला. चिर्रिक चिर्रिक. काकांनी गिटार वाजवली, टिंग टिंग. मावशीनं मान डोलावली. सगळ्यांना सगळं ऐकू आलं.

मग काकांनी उरलेली भजी खाल्ली. सगळीच्या सगळी.

घूंऽऽऽ.

"मी नाही हं," पेटी म्हणाली.

"आम्ही पण नाही हं," तारा म्हणाल्या.

दिगूकाका घोरत होते. घूंऽऽऽ.

टिंगूनं काकांच्या लांब लांब मिशा पाहिल्या. मग पकडीकडे पाहिलं.

"पक्कडताई पक्कडताई, अजून एक वेणी घालतेस का?"