कुंभारमाशीची सकाळ

विहिरींवर रहाट फिरत होते त्या काळची ही गोष्ट. एका विहिरीपाशी सांडलेल्या पाण्याचा चिखल होता आणि त्यावर एका कुंभारमाशीची सगळी भिस्त. चिखलाचं घर बांधायचं, आत अंडी घालायची, दार लिंपायचं. पण बाई पडली भिडस्त! भुंग्याने हाक मारली की निघाली, मधमाशीने फुलं बघायला बोलावलं की गेली. तेवढ्यात रहाट मोडला, पाणी सांडायचं थांबलं आणि चिखल आटू लागला.

तेव्हा तिने नेम केला. उजाडलं की पंख उघडण्याआधी स्वतःला विचारायचं, "आज घराचं काय?" आणि ते झाल्याशिवाय कुणाकडे वळायचं नाही.

"काय गं, मोठी कारभारीण झालीस!" भुंगा म्हणाला.

"भुंगेदादा, आज माझी भिंत आहे. झाली की येते."

"भिंत काय पळून जातेय?"

"भिंत नाही हो, चिखल जातोय."

भुंगा रुसला. ती थांबली नाही. भिंत झाली, छप्पर झालं, अंडी घातली आणि उरल्यासुरल्या ओलीत दार लिंपून झालं.

मग पाय झटकून ती भुंग्याकडे गेली. "हं दादा, कुठं जायचं बोला!"

भुंगा रुसवा विसरला. इतक्या मोकळ्या मनाने ती आजवर कधीच आली नव्हती.