बदललेली सुतळी

समुद्राला लागून असलेल्या एका खडकाळ गावात फार वर्षांपूर्वी दोन भाऊ राहत होते. थोरला हसाजी आणि धाकटा गोमा. दोघांत मिळून एक छोटी वल्ह्यांची होडी होती आणि तिच्यावरच दोन्ही घरांच्या चुली पेटत.

हसाजीची ख्याती गाठींसाठी होती. त्याने मारलेली गाठ वादळातही सुटत नसे. गावात कोणाला जाळे ताणायचे असो की छप्पर बांधायचे असो, लोक आधी हसाजीला बोलावत.

गावापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली मोठे खडक होते. त्यांच्या कपारींत तांबोशी मासा भरपूर मिळे, पण तिथे टाकलेला नांगर खडकाच्या फटीत अडकून बसे. वरून ओढावे तसा तो आणखी रुते, आणि शेवटी दोर कापून रिकामे परतावे लागे. भावांचे असे दोन नांगर समुद्राने गिळले होते.

तिसरा नांगर केला तेव्हा गोमा म्हणाला, "दादा, या वेळी मी वेगळ्या रीतीने बांधतो. पलीकडच्या बंदरात पाहून आलोय."

एरवी नांगराचा दोर दांड्याच्या वरच्या कडीला बांधत. गोमाने तो खाली, जिथून आकडे फुटतात त्या बुडाला पक्का बांधला. मग दांड्यावरून वर आणून कडीला नुसत्या सुतळीने जखडला.

"साध्या ओढीला ही सुतळी टिकेल," त्याने समजावले. "नांगर अडकलाच, तर जोर लावायचा. सुतळी तुटेल, ओढ थेट बुडाला बसेल आणि नांगर उलटा होऊन फटीतून निघेल."

हसाजीला ते फारसे पटले नाही, पण त्याने करून पाहू दिले. आणि खरेच, पहिल्याच खेपेला नांगर अडकला, सुतळी तुटली आणि नांगर वर आला. गोमाने किनाऱ्यावर नवी सुतळी बांधली, की होडी पुन्हा तयार.

एके दिवशी गोमा जाळे वाळत घालायला गेला होता. हसाजी होडीपाशी एकटाच होता. शेजारच्या होडीवरच्या माणसांचे नांगराकडे लक्ष गेले आणि ती हसू लागली.

"काय रे हसाजी, तुझी होडी आता सुतळीवर उभी राहते होय? म्हातारा झालास काय? गाठ मारताना हात लटपटतात?"

ते शब्द हसाजीला लागले. त्यातच मनात एक शंकाही आली. भलत्याच वेळी सुतळी तुटली तर? त्याने सुतळी काढली. तिच्या जागी डांबर लावलेली काथ्याची दोरी घेतली, तिचे तीन वेढे दिले आणि आपली नेहमीची गाठ मारली. वरून पुन्हा सुतळी गुंडाळली, म्हणजे गोमाला कळायला नको. सावकाश सांगू, असे त्याने मनाशी ठरवले.

दुसऱ्या दिवशी ते खडकांवर गेले. मासा असा लागला की गळ टाकायचा अवकाश. त्या नादात आभाळ कधी काळवंडले ते दोघांनाही कळले नाही. वारा समुद्राकडून सुटला, लाटा उठल्या. होडीच्या मागे, हाकेच्या अंतरावर, किनाऱ्याचे काळे कडे होते आणि तिथे पाणी फुटून पांढरे होत होते.

"गोमा, चल! नांगर उचल!"

हसाजीने वल्ही मारून होडी नांगराच्या वर आणली. गोमाने दोर ओढला. नांगर हलेना.

"अडकलाय! काळजी नको, दादा," गोमा ओरडला. "लाट खाली गेली की दोर आखूड करतो. पुढची लाट होडी उचलेल आणि सुतळी तुटेल."

लाट खाली गेली तसा त्याने दोर ताणून पुढच्या खुंटाला दोन वेढे दिले. लाट आली. होडीचे मागचे टोक उचलले गेले, पण पुढचे टोक जागचे हलेना. दोर कर्रकर्र वाजला आणि पाणी धो धो करीत आत शिरले. मासे पायांभोवती तरंगू लागले.

"तुटली कशी नाही?" गोमाने डोळ्यांत उडालेले खारे पाणी पुसले. "सुतळीच ती, किती धरणार! आणखी आखूड करतो."

कदाचित काथ्याही तुटेल, असे हसाजीला वाटले. मग कशाला सांगायचे? पण ती गाठ कोणी मारली होती, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? समोर मघाच्या दुप्पट उंचीची लाट उभी राहत होती. आणि गोमा भावावर निर्धास्त विश्वास टाकून, दोर घट्ट धरून तिच्याकडे तोंड करून उभा होता.

"सोड!" हसाजी किंचाळला. "दोर सोड, गोमा! तिथे सुतळी नाही! मी काथ्या बांधलाय! नाही तुटणार तो!"

गोमाने वळून पाहिले. क्षणभरच. मग त्याने खुंटावरचे वेढे उडवले. दोर त्याच्या मुठींतून सरसरत गेला आणि तळहातांची साल घेऊन गेला. होडी लाटेवर चढली, आडवी होता होता सावरली.

"आता काय?" गोमाने विचारले.

"दोर कापायचा. मग आपण आणि वल्ही."

हसाजीने कोयता काढला. होडी लाटेच्या माथ्यावरून उतरत असताना त्याने एका घावात दोर तोडला आणि वल्ह्यावर झडप घेतली. गोमाने दुसरे वल्हे धरले. त्याच्या हातांतून रक्त वाहत होते, पण त्याने वल्हे सोडले नाही. वारा त्यांना कड्याकडे ढकलत होता. एकदा तर होडीचे बूड खडकाला घासले, एक फळी तडकली आणि फटीतून पाणी येऊ लागले. दोघे नुसते वल्हवत होते. अखेर उजवीकडच्या भूशिराचा आडोसा मिळाला आणि वारा पाठीवरून उतरला.

किनाऱ्यावर त्यांनी बुडू लागलेली होडी वाळूत ओढली. मासे गेले, नांगर गेला, होडी डागडुजीला आली.

"दादा, मला नुसते सांगितले असतेस तरी चालले असते," गोमा हळूच म्हणाला. "मी तसा दोर ताणलाच नसता."

हसाजीने मान खाली घातली. "लोक हसले म्हणून केले. आणि मग तुला सांगायचीही लाज वाटली."

गोमा घराकडे चालू लागला.

त्या संध्याकाळी गोमाच्या दोन्ही हातांना हळदीचा लेप लावून फडकी बांधली होती. त्याला घास उचलता येईना. हसाजी त्याच्या ताटासमोर येऊन बसला, भात कालवला आणि पहिला घास त्याच्या तोंडाशी नेला. गोमाने तोंड फिरवले. हसाजीचा हात तसाच राहिला. भात गार होत गेला, पण हात खाली आला नाही. शेवटी गोमाने भावाकडे पाहिले आणि तोंड उघडले.

तात्पर्य हेच, की ज्या गोष्टीवर जोडीदाराचा जीव अवलंबून आहे, ती त्याच्या नकळत बदलू नये. आणि बदललीच, तर लाज गिळून लाट येण्याआधी सांगावे.