कण्हणारी करवत

गावात वीज नुकतीच आली होती आणि हत्यारं अजून एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. बाबल मेस्त्रींना लेकीचं घर बांधायचं होतं. त्या कामावर विजेवरची एकच गोल करवत न्यायची होती, आणि फळीवर दोघी बसल्या होत्या. एक जुनी, शहरातून वापरलेली आणलेली; दुसरी कोरी करकरीत.

"टिकेल तिला नेईन," मेस्त्री म्हणाले आणि त्यांनी ऐनाचा वासा पुढे ओढला.

आधी जुनीला लावलं. लाकडात गाठ आली की ती कण्हायची. नवीला तिची कीव आली. "आजी, अशी कण्हलीस तर अडगळीत टाकतील गं तुला."

"मी कण्हले की त्यांचा हात हलका होतो, बाळा," जुनी म्हणाली.

नवीला ते काही पटलं नाही. आपली पाळी आल्यावर आवाज पडू द्यायचा नाही, असं तिने ठरवूनच टाकलं. गाठ आली. पोटात आग पेटली, तरी ती खणखणीत गात राहिली. हिला अजून सोसेल असं वाटून मेस्त्रींनी वरून भार दिला, आणि भसकन धूर निघाला.

मेस्त्रींनी घाईघाईने बटण बंद केलं. तिच्या तापलेल्या अंगावर हात ठेवताच त्यांना चटका बसला. "अगं, मुकाट सोसत राहिलीस! मला कसं कळायचं?"

लेकीच्या घराच्या कामावर जुनी गेली. नवी दुरुस्त होऊन आली, ती पहिल्याच गाठीला कण्हली. मेस्त्रींचा हात लगेच हलका झाला.

"हां," ते म्हणाले, "आता तू टिकशील."