संताच्या काठीवरचा मळ

एकदा एका मठातल्या मधमाश्या घर सोडून निघाल्या. ही फार जुन्या काळातली, युरोपातल्या डोंगरात राहणाऱ्या ख्रिस्ती साधूंची गोष्ट. त्यांच्या वेदीवर मधमाश्यांच्या मेणाचीच मेणबत्ती चालायची आणि मठात मोहोळ एकुलते एक. ते गेले तर नाताळला वेदी अंधारात राहणार होती.

माश्या सांभाळण्याचे काम लांबेर नावाच्या तरुण शिष्याकडे होते. पण गडी निर्धास्त होता. मठ स्थापणाऱ्या संताचे चरित्र तिथे रोज जेवताना मोठ्याने वाचत. संताने काठी पुढे केली आणि उडते मोहोळ तिच्यावर येऊन बसले, असे त्यात स्पष्ट होते. ती काठी मठात जपून ठेवलेली होती. लांबेरने ती आणली, उंच धरली आणि म्हणाला, "संतांच्या नावाने आज्ञा करतो, खाली या."

माश्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. त्या वरच घोंघावत राहिल्या.

वृद्ध मठाधिपती सावकाश आले. काठीचा वास घेऊन त्यांनी विचारले, "ही इतकी गुळगुळीत कशी?"

"मी घासली, फादर. काळा, चिकट मळ होता. राखेने चांगली स्वच्छ केली."

मठाधिपतींनी माश्या जिच्यात राहत त्या रिकाम्या टोपलीच्या तळाचे मेण खरवडले आणि खुशाल त्या पवित्र काठीला फासले. लांबेर काठी ओढून घ्यायला पुढे झाला.

"धर," एवढेच ते म्हणाले.

थोड्या वेळाने एक माशी काठीवर उतरली, मग दुसरी, मग सारे मोहोळ आले. माश्या टोपलीत गेल्यावर लांबेर हिरमुसून म्हणाला, "म्हणजे चमत्कार नव्हताच. नुसता मेणाचा वास."

"होता तर," मठाधिपती हसले. "अरे बाबा, संत रोज पहाटे या माश्यांत बसत. त्यांच्या हाताचे मेण लागून लागून काठीला घरचा वास आला. सृष्टीने त्यांचे ऐकले, कारण आधी ते तिचे झाले होते. तू चरित्रातली आज्ञा तेवढी उचललीस आणि सोयरीक घासून टाकलीस. तुला टोपलीपाशी निवांत बसलेले मी कधी पाहिले नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे लांबेर टोपलीपाशी जाऊन बसला, आणि पुढेही बसत राहिला.

नाताळला त्याने स्वतः ओतलेली मेणबत्ती वेदीवर लागली. त्याची बोटे काळी, चिकट दिसत होती. कुणीतरी म्हणाले, "हात धुऊन ये."

"राहू द्या," मठाधिपती म्हणाले.